उलटं बसून पाहिलेलं पाणी

आश्विन लागला की मला उलटं बसावंसं वाटतं. शहरात धावणाऱ्या टेम्पोत मागे तोंड करून बसायची एक फळी असते. तिथे सहसा कुणी बसत नाही. बायकांना मळमळतं, म्हाताऱ्यांना चक्कर येते. मी तीच जागा धरते. मग गोल बाजारातून निघालेला रस्ता माझ्यापासून दूर दूर जात राहतो. भांड्यांची दुकानं, कापडाचे गठ्ठे, झेंडूच्या राशी, सगळं आधी मोठं असतं आणि मग हळूहळू लहान होत जातं. पुढे काय येणार ते दिसत नाही. जे मागे पडलं तेवढंच दिसतं, पण ते जाता जाता नीट दिसतं.

ही सवय मला एका आश्विनानं लावली. त्याला आता खूप वर्षं झाली. आमचं रायपूर राजधानी झालं होतं, पण राजधानीचं नवं गाव अजून बांधून व्हायचं होतं. शहरापासून लांब, शेतं संपल्यावर, एकदम रुंद रस्ते सुरू व्हायचे. त्या रस्त्यांवर कुणी नसायचं. मधोमध गाई बसलेल्या असायच्या आणि त्यांना उठवणारं कुणी नसायचं. खांब होते, त्यांना दिवे नव्हते. अर्ध्या बांधलेल्या इमारती धुक्यात उभ्या असायच्या, जणू कुणी स्वप्न पाहता पाहता मध्येच कुशीवर वळलं आहे. त्या सगळ्याच्या पलीकडे एक जलाशय होता. पावसानं काठोकाठ भरलेला, कडेला काशाची पांढरी फुलं. पहाटे तिथे पोचलं की पाणी इतकं स्तब्ध असायचं की बोलायला संकोच वाटावा. मी तशीही बोलायला कमीच. पण तिथे ते कमी बोलणं शोभून दिसायचं.

तिथे मी वंदासाठी जायची. वंदा माझी नणंद. मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आले तेव्हा ती फ्रॉक घालून अंगणात टिक्कर खेळत होती. मी पहिल्या दिवशी तिला रिवाजाप्रमाणे वंदाबाई म्हणाले, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, बाई काहून म्हणता, मी काय म्हातारी आहो? तेव्हापासून ती वंदा झाली आणि मी तिची वैनी. त्या आश्विनात ती वीस वर्षांची होती, कॉलेजात शिकत होती, आणि पाण्यावर चालत होती.

पाण्यावर चालणं म्हणजे स्की. मोटारबोट दोरी ओढते आणि मागे मुलगी पायात फळी अडकवून पाण्यावरून घसरत जाते. दोन पायांना दोन फळ्या असत्या तर मला समजलं असतं. वंदाची फळी एकच होती. फळीच्या पाठीवर एकामागे एक दोन रबरी बूट बसवलेले. त्यात पाय घालताना साबणाचा फेस लावायचा, बांगड्या भरताना हाताला लावतात तसा. आणि फळीच्या खाली, अगदी मागच्या टोकाला, धातूचं एक पातळ पातं होतं, माशाच्या पंखासारखं. त्याला ते लोक फिन म्हणायचे. मी पातं म्हणायची.

पाण्यात रंगीत गोळे तरंगत ठेवलेले असत. बोट मधून सरळ जाते. मागच्या मुलीनं मात्र सरळ जायचं नाही. आधी दोन गोळ्यांच्या दारातून आत शिरायचं. मग एका बाजूच्या गोळ्याला बाहेरून वळसा, लगेच बोटीमागून पाणी कापत दुसऱ्या बाजूच्या गोळ्याला वळसा. असे सहा गोळे आणि शेवटी पुन्हा एक दार. सहाही झाले तर पुढच्या खेपेला बोटीचा वेग वाढतो. वेगाची हद्द झाली की दोरी आखूड करतात. वंदानं हे घरी समजावलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, मग हे संपते कधी? वंदा म्हणाली, पडल्यावर.

सासूबाईंनी एकच अट घातली होती. पोट्टीला इतक्या लांब, इतक्या पहाटे एकटं पाठवायचं नाही, सूनबाई सोबत जाईल. सूनबाईला कुणी विचारलं नाही आणि सूनबाईनंही काही म्हटलं नाही. मनातून मात्र मला बरं वाटलं होतं. तोवर मी घर, भाजीबाजार आणि देऊळ याच्यापुढे एकटी म्हणून गेले नव्हते.

वंदा स्कूटी चालवायची आणि मी मागे, मांडीवर फळी उभी धरून. फळीसाठी मी जुन्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवली होती. खाली पात्यासाठी वेगळा छोटा खिसा होता, बरोबर त्याच्या मापाचा, म्हणजे पातं कुठे आपटू नये. तान्ह्या लेकराला धरावं तशी मी ती फळी धरायची. चौकात गाडी थांबली की लोक वाकून पाहायचे. एकानं विचारलं, दीदी, कपडे इस्त्री करायची फळी आहे का? दुसऱ्यानं विचारलं, दरवाजाची चौकट का? मी पदर ओढून घ्यायची. वंदा मागे न पाहता सांगायची, हमारी भाभी का झूला है.

तिचा पाण्यातला रबरी पोशाख आमच्या अंगणातल्या दोरीवर वाळायचा. काळा, घट्ट, हातपाय असलेला आणि डोकं नसलेला. शेजारची बाई एकदा दळण घेऊन आली आणि तो पाहून दारातूनच परत फिरली.

बोटीत चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस लागतो, हा त्यांचा नियम होता. चालवणाऱ्यानं पुढे पाहायचं. दुसऱ्यानं उलटं बसून मागच्या मुलीवरची नजर हलवायची नाही. ती पडली तर लगेच सांगायचं. वंदाचे सर फौजेतून निवृत्त झालेले, भोंगा घेऊन काठावरच्या लाकडी धक्क्यावर उभे राहायचे. रोज कुणाला तरी बोटीत बसवावं लागे. एक दिवस कुणी नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. वंदा म्हणाली, वैनी बसेल.

मी बसले, आणि मग त्या आश्विनभर ती जागा माझीच झाली.

बोट चालवायचा केजूराम. तिथल्याच गावचा केवट. गोळ्यांना तो तुमा म्हणायचा, कारण त्याच्या आजोबांच्या जाळ्याला वाळलेले दुधी बांधत, आणि त्यांना तिकडे तुमा म्हणतात. त्यानं मला खुणा शिकवल्या. वंदानं अंगठा वर केला की वेग वाढव. खाली केला की कमी कर. डोक्यावर थोपटलं की काठाकडे चल. या खुणा मी पाहायच्या आणि त्याच्या खांद्याला हात लावून तशाच करून दाखवायच्या. इंजिनाच्या आवाजात कुणालाच बोलता येत नाही. बोटीत सगळेच माझ्यासारखे होतात. मला तोंडानं एकच शब्द लागायचा. पडली. तो मात्र मी जोरात म्हणायची. केजूराम हसायचा. भउजी ला एकेच गोठ आथे, म्हणायचा, वहिनीला एकच बोलणं येतं.

उलटं बसलं की पाणी कसं दिसतं ते सांगता येत नाही. बोट ते फाडत जाते आणि तुमच्या डोळ्यांसमोर ते परत जुळत जातं. दोन लाटा दोन बाजूंना पसरतात, मधली वाट गुळगुळीत राहते, एखाद्या पदराला नुकतीच इस्त्री फिरवावी तशी. त्या वाटेच्या टोकाला वंदा. ती कितीही वेगानं आली तरी माझ्यापासून तेवढ्याच अंतरावर असायची, दोरीएवढ्या. झाडं मागे जायची, काठ मागे जायचा, सर बोटाएवढे व्हायचे, पण वंदा तिथेच. चेहरा माझ्याकडे. मला वाटायचं, जगात फक्त आम्ही दोघी स्थिर आहोत आणि बाकीचं सगळं वाहून चाललं आहे.

सरांचं बोलणं मला पाठ झालं होतं. घुटने नरम, हाथ सीधे, नज़र दूर. सरळ हात म्हणजे दोरीचा दांडा ओढून छातीशी आणायचा नाही. तो कमरेजवळ खाली ठेवायचा आणि सगळं अंग बोटीच्या उलट बाजूला कलतं सोडायचं. भिऊन दांडा जवळ ओढला की दोरी सैल पडते, आणि सैल दोरी पुन्हा ताणली गेली की माणूस पुढे तोंडावर आपटतो. गोळ्याकडे पाहायचं नाही. ज्याच्याकडे पाहशील त्याच्यावर जाशील, असं ते सांगायचे. पलीकडच्या काठावरचं झाड धरायचं डोळ्यांनी. वळताना एक हात सोडून लांब करायचा आणि थोडं थांबायचं. ते थांबणं वंदाला जड जायचं. घरातही ती तशीच, भात शिजायच्या आधी ताट घेऊन बसणारी.

घरी दुपारी आम्ही जमिनीवरचा सराव करायचो. दांड्याची दोरी मी पकडायची आणि भिंतीला पाय लावून ओढायची. मी म्हणजे बोट. वंदा समोर गुडघे वाकवून मागे कलायची. पाटाखाली लोखंडी नळीचा तुकडा ठेवून त्यावर ती तोल सांभाळायची आणि मी समोर मेथी निवडत बसायची. मामंजी पेपराआडून पाहायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे, रेल्वेत फिटर होते. ते म्हणायचे, सुनेला नोकरी लागली, इंजिनाची.

राज्याचा संघ देशपातळीच्या स्पर्धेला पाठवायचा होता आणि त्यात मुलींची एकच जागा होती. त्या जागेसाठी दोघी होत्या. आमची वंदा आणि समता कॉलनीतली एक मुलगी. तिचे बाबा तिला मोटारीतून आणायचे आणि काठावर खुर्ची टाकून बसायचे. मुलगी चांगली होती, वंदाशी हसून बोलायची. चाचणी दिवाळीच्या आधी. जी जास्त गोळे घेईल ती शिबिराला जाणार, दूर, दुसऱ्या राज्यात. नवरात्र बसलं तेव्हा वंदा सहाच्या सहा गोळे घेत होती, तेही सरांना हव्या त्या वेगानं. सर भोंग्यातून काही बोलायचे नाहीत. ते गप्प राहिले म्हणजे खूश.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली अवजारं पुजतात. मामंजींचे पाने, माझी शिलाई मशीन, विळी, पाटा-वरवंटा. सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, पोट्टीची फळीही मांड. मला ते इतकं पटलं की मी सगळ्यात आधी तीच घेतली. पुसून लख्ख केली. पातं मात्र शेवाळ्यानं मळकं दिसत होतं. देवाची भांडी मी चिंच आणि राखेनं घासते. पातं तसंच सोडून द्यावंसं वाटेना. मामंजींच्या पेटीतली बारीक चावी घेतली, दोन स्क्रू सैल केले, पातं बाहेर काढलं. त्याचा जो भाग खाचेत असायचा तो चकचकीत होता आणि बाहेरचा मळका. मध्ये सरळ रेघ होती. मी दोन्ही सारखे होईपर्यंत घासलं. रेघ गेली. मग मशीनची सुई जशी वर टेकेपर्यंत सारून बसवतात, तसं पातं खाचेत टेकेपर्यंत दाबलं आणि स्क्रू आवळले. घट्ट बसलं होतं. मला समाधान वाटलं. त्यावर कुंकवाचं बोट लावलं, शेवंती वाहिली, नमस्कार केला. त्या फळीनं वंदाला सांभाळावं एवढंच मागितलं.

दसऱ्यानंतर वंदा पाण्यावर गेली आणि दुसऱ्याच गोळ्याला पडली.

पहिल्या दिवशी सगळे हसले. पुरणपोळ्या जड झाल्या, असं सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती चार वेळा पडली. वळसा घेताना फळीचं मागचं टोक एकदम सटकायचं, ओल्या शेणावर पाय पडावा तसं, आणि वंदा आतल्या बाजूला कोसळायची. मी पडली म्हणायची, केजूराम बोट वळवायचा. सर भोंग्यातून ओरडायचे, नज़र, नज़र. मग घुटने. मग वज़न कहाँ है तेरा. वंदा ऐकायची आणि जास्त जपून करायची, आणि जपून केलं की आणखी पडायची. समता कॉलनीतली मुलगी एकेक गोळा पुढे सरकत होती.

संध्याकाळी वंदा अंगणात पाटावर उभी राहायची, पण नळी ठेवायची नाही. नुसती उभी. जेवताना तिनं एकदा विचारलं, वैनी, तू समोरून पाहतं, मी काय चुकून राहिली? ती काही चुकत नव्हती. तोच हात, तोच झोक, तेच गुडघे. मी तिला इतके दिवस पाहत होते की डोळे मिटूनही ती मला दिसायची. चूक तिच्यात नव्हती, पण ती आहे तरी कुठे हे मला कळत नव्हतं.

कळलं ते पिशवीमुळे. एका सकाळी परत निघताना मी फळी पुसून चादरीच्या पिशवीत घालत होते. पात्यासाठी शिवलेला खिसा मी मापानं शिवला होता. पातं त्यात गच्च बसायचं, ओढून काढावं लागायचं. त्या दिवशी माझं बोटही सोबत आत गेलं. खिसा काही वाढत नाही. मी खिशात बोट ठेवून तशीच बसले. मग सगळं एकदम समोर आलं. ती रेघ, चिंच, चावी, टेकेपर्यंत दाबणं. पातं जेवढं बाहेर असायला हवं तेवढं नव्हतं. पाणी धरायला त्याची लांबी पुरत नव्हती.

मी पिशवीची नाडी बांधली आणि स्कूटीवर बसले.

हे लिहिताना आजही हात थांबतो. मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी तीन दिवस सांगितलं नाही. सासूबाई काय म्हणतील ते मला माहीत होतं, चौथी शिकलेल्या बाईनं यंत्राला हात लावायचा कशाला. पण खरी भीती ती नव्हती. वंदा मला परत आणणार नाही, ही होती. सकाळी उठून तो रिकामा रुंद रस्ता, त्या गाई, ते उलटं बसणं, हे सगळं जाईल. माझ्या आयुष्यात कुणी विचारून दिलेलं असं काही नव्हतं. हे न विचारता मिळालं होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. म्हणून मी रोज बोटीत बसून तिला पडताना पाहिलं, आणि रोज पडली म्हटलं. दोनदा घरी गुपचूप चावी हातात घेतली. पण किती बाहेर काढायचं ते कुठे माहीत होतं? खूण तर मीच घासून टाकली होती.

चाचणीला तीन दिवस राहिले होते. त्या सकाळी वंदा तिसऱ्यांदा पडली आणि पडल्यावर मी ठीक आहे म्हणून करायची तसा हात तिनं वर केला नाही. आम्ही जवळ गेलो. केजूरामनं इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की बोटीच्या पोटाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. वंदा मानेपर्यंत पाण्यात, फळीवर दोन्ही हात टाकून. ओठ निळे पडलेले.

"वैनी, बस्स झालं," ती म्हणाली. "माह्यात नाही ते. सरले सांगून दे, चाचणीले मी येत नाही."

तिनं हे चिडून म्हटलं असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते. तिनं ते शांतपणे म्हटलं, मोठ्या माणसासारखं. मी बोटीच्या काठाला धरून वाकले.

"वंदा, पातं मी काढलं होतं."

"कोणतं पातं?"

"फळीचं. खंडेनवमीले. घासाले काढलं, न पुरं आत दाबून बसवलं. त्याच्यानं सटकते ते."

मी अजून संपवलं नव्हतं. उरलेलं पहिल्यापेक्षा जड होतं.

"मले तीन दिवसांपासून माहीत आहे," मी म्हणाले.

"न सांगितलं काहून नाही?"

"तू मले आणलं नसतं मग."

केजूराम दूर पाणकोंबड्यांकडे पाहत होता. त्याला आमची मराठी अर्धीच समजायची, पण त्यानं तोंड वळवलं होतं. वंदानं फळी उलटी केली. पातं वर आलं, लख्ख, त्यावर ऊन पडलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मग फार हळू म्हणाली,

"मले वाटलं, मीच बिघडली."

आणि तिनं तोंड पाण्यात बुडवलं. वर आली तेव्हा सगळा चेहरा ओला होता. त्यातलं पाणी कोणतं ते मी पाहिलं नाही. आश्विनभर तिच्यावरून नजर न हलवणारी मी, तेवढं मात्र पाहिलं नाही.

सरांना मीच सांगितलं. वंदानं फळी त्यांच्या पायाशी ठेवली आणि लांब जाऊन पायरीवर बसली. मला हिंदी बोलताना नेहमी घाम फुटतो. मी म्हणाले, सर, गलती मेरी है, आणि बाकीचं हातानंच दाखवलं, काढलं, घासलं, दाबलं. सरांनी पेटीतून मापाची पट्टी काढली, वहीत पाहिलं, पुन्हा मोजलं. कागदाच्या चार घड्यांएवढा फरक होता. मी ओरडा खायला उभी होते. ते म्हणाले, आठ दिन से लड़की को डाँट रहा हूँ, फिन पहले मुझे देखना था. मग विचारलं, कशानं घासलं? मी म्हटलं, इमली. त्यांनी पातं उजेडात धरलं आणि म्हणाले, चमक तो रहा है.

परतताना चौकात कुणी विचारलं, ये क्या है दीदी, तरी वंदानं उत्तर दिलं नाही. घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी ताट वाढलं ते ती जेवली, ताट उचलून नेलं, आणि माझ्याशी बोलली नाही. मी दुपारी मशीनवर बसले आणि एकच शिवण तीनदा उसवली.

दुसऱ्या पहाटे मी उठून चहा ठेवला, पण निघायची साडी नेसले नाही. मला ते शोभलं नसतं. चूल फुंकत बसले. वंदा स्वयंपाकघराच्या दारात आली. पिशवी तिच्या खांद्याला होती.

"अजून तयार नाही झाली?" ती म्हणाली. "फळी कोण धरंल, माहा बाप?"

सरांच्या हातून पातं दोन मिनिटांत जागेवर आलं होतं. गुडघ्यांना वेळ लागला. फळी आता सटकत नव्हती, पण वंदाचं अंग अजून सटकायची वाट पाहायचं. वळशाआधी खांदे आखडायचे, दांडा छातीकडे यायचा. चार गोळे, तीन गोळे, पुन्हा चार. दुसऱ्या दिवशी पाण्यातूनच तिनं मला सांगितलं, वैनी, तू माह्याकडेच पाहत राहा, इकडेतिकडे नको. जणू मी कधी दुसरीकडे पाहिलं होतं. मी पाहत राहिले. त्या खेपेला पाच झाले. सहावा निसटला.

चाचणीच्या सकाळी बोटीत माझी जागा नव्हती. पाटी आणि कागद घेतलेला एक माणूस तिथे बसला, तोही उलटा, माझ्यासारखाच. मी काठावर उभी राहिले. पहिल्यांदाच. सासूबाईंनी दिलेला दहीसाखरेचा डबा माझ्या हातात होता, तो द्यायचा राहूनच गेला. समता कॉलनीतल्या मुलीचे पाच गोळे झाले होते. पाचव्यानंतर ती पडली, आणि तिच्या बाबांनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलं.

मग वंदा. बोटीतून मी तिला नेहमी समोरून पाहिलं होतं, चेहरा माझ्याकडे, तेवढ्याच अंतरावर. काठावरून ती तशी दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ती माझ्यासमोरून सुटली आणि दूर जायला लागली. पाठ दिसली, मग नुसता पाण्याचा पंखा दिसला. नवं ऊन समोरून पाण्यावर आडवं पडलं होतं आणि त्या झगमगाटात गोळे, बोट, वंदा, सगळं विरघळून गेलं. मी पदर डोळ्यांवर धरला तरी काही दिसेना.

तेव्हा मला कळलं की हे सहा झाले तर ती जाणार. शिबिराला, मग आणखी कुठे. या पहाटा, हा रस्ता, मांडीवरची फळी, सगळं तिच्यामागे जाईल. आणि पडली तर ती राहील. मला काय हवं आहे, हे मी त्या क्षणी स्वतःला विचारलं नाही. मी कान दिला. दोरीवर मुलगी ओढ घेते तेव्हा इंजिनाचा आवाज दबतो, वळसा घेते तेव्हा मोकळा होतो. बोटीत बसून हे मला अंगानं कळलेलं होतं. आणि पडली तर केजूराम लगेच इंजिन मंद करतो.

आवाज दबला, मोकळा झाला. पुन्हा दबला, मोकळा झाला. तिसरा. चौथा जरा उशिरा आला, माझा हात डब्यावर आवळला, पण आला. पाचवा. मग तो फार खोल दबला, इतका की वाटलं आता गेलाच. आवाज मोकळा झाला. सहावा. उन्हात अजून काहीच दिसत नव्हतं. इंजिन चालू होतं, आणि ते दूर दूर जात राहिलं.